नजर गेल्याचा खर्च कोणाच्या पानावर? खान्देशातल्या तिन्ही जिल्हा नियोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, जळगाव, धुळे आणि नंदुरबार

विषय : पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेत नजरेसाठी रोजगाराच्या बाजूने तरतूद करण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी दोंडाईच्यात चष्म्याचं दुकान चालवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्र वाचताना कोणीतरी म्हणेलच की चष्मेवाला चष्मे वाटा म्हणतोय, त्यात नवल काय! पण माझी मुख्य मागणी, चाळिशीपुढच्या कष्टकऱ्यांना जवळचं दिसायचे तयार चष्मे जिल्हा योजनेतून द्या ही, मंजूर झाली तर माझ्या गल्ल्यात भर पडणार नाही. उलट शंभर-दीडशे रुपयांची तयार चाळशी घेणारं गिऱ्हाईक बरंचसं कमी होईल. ते होऊ दे. नंबराच्या चष्म्यावर माझं घर चालतं आणि चालत राहील.

सध्या प्रारूप आराखड्याचे दिवस आहेत. आरोग्याच्या पानावर नेत्रविभागाची एखादी ओळ असते : शस्त्रक्रियेची यंत्रं, भिंगं, औषधं, कधी एखादं वाहन. ती ओळ हवीच. पण नजर गेल्याचा खर्च दवाखान्यात फार थोडा होतो. मोठा खर्च होतो तो मिरचीच्या पथारीवर, शिलाई मशीनवर, उसाच्या फडात आणि आश्रमशाळेच्या हजेरीपटात. तिथला खर्च आराखड्याच्या कोणत्याच पानावर येत नाही आणि मग तो होतच नाही असं धरून आपण पुढे जातो. हे पत्र त्या खर्चाबद्दल आहे, आणि तो खर्च सांगणारे आकडे कुठे वापरावेत व कुठे वापरू नयेत, याबद्दल आहे.

थंडीत मिरचीचा हंगाम सुरू झाला की नंदुरबार-दोंडाईचा पट्ट्यात पथाऱ्यांवर लालभडक मिरची पसरते. देठ खुडायला, डागी मिरची वेगळी काढायला बाया बसतात. जितकं काम उरकेल तितके पैसे. चाळिशी ओलांडलेल्या बाईला लांबचं सगळं स्वच्छ दिसतं, बांधावरून येणारा माणूस ती चालीवरून ओळखते, त्यामुळे आपले डोळे चांगले आहेत अशी तिची खात्री असते. पण हाताच्या अंतरावरचं धूसर होत जातं. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर कडक होतं, जवळचं पाहताना ते पूर्वीसारखं फुगत नाही, कारण एवढंच. हे प्रत्येकाला होतं. पुढाऱ्यांनाही होतं, फक्त त्यांच्या खिशात चष्मा असतो.

‘सुईमा दोरा जात नही, भाऊ,’ असं म्हणत दुकानाची पायरी चढणारी बाई त्यातली एखादीच. बाकीच्या हळूहळू काम बदलतात. शिलाई सोडून निंदणीला जातात, निवडायचं काम सोडून वाहायचं काम घेतात. मजुरी घटते, आणि ती डोळ्यांमुळे घटली असं घरात कोणी म्हणत नाही. वय झालं म्हणतात. त्रेचाळिसाव्या वर्षी!

ही घट किती असते, हे मोजलं गेलेलं आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर एक रीतसर चाचणी झाली आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना जवळचं दिसण्याचे चष्मे लगेच दिले, उरलेल्यांना चाचणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची रोजची मजल बाकीच्यांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी वाढली. मग २०२४ मध्ये बांगलादेशातल्या चाचणीचे निकाल आले. तिथे खेड्यांतल्या ३५ ते ६५ वयाच्या कारागीर-मजुरांची कमाई मोजली. चष्मेवाल्यांचं मधलं मासिक उत्पन्न ३५.३ डॉलरवरून ४७.१ डॉलरवर गेलं, म्हणजे सुमारे एक तृतीयांश वाढ. ना नवं प्रशिक्षण, ना नवं यंत्र, ना कर्ज.

चहाचं पान आणि मिरचीचा देठ सारखे नाहीत, हे मान्य. म्हणून आसामच्या आकड्याचा निम्माच परिणाम धरू. रोजचे अडीचशे रुपये मिळवणाऱ्या बाईला दिवसाला सत्तावीस रुपये जादा पडले. तयार चाळशी घाऊक बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळते. चार दिवसांत वसूल. तुमच्या आराखड्यात चार दिवसांत वसूल होणारं दुसरं काही असेल तर मला दाखवा, मी माझी मागणी मागे घेतो.

आणि ही गोष्ट मिरचीपुरती नाही. जळगावच्या सराफ बाजारातले कारागीर, डाळ मिलमध्ये निवडायला बसणाऱ्या बाया, धुळ्याच्या यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारा कामगार, उन्हाळ्यात धडगाव-मोलगीकडे आमचूरसाठी कैरी कापणारी बाई, या सगळ्यांचं काम हातभर अंतरावरचं आहे. तुमच्या स्वतःच्या यंत्रणेकडेही बघा. अंगणवाडी सेविका मोबाईलवर पोषणाची नोंद भरते, ती अक्षरं मला दुकानातल्या उजेडातही त्रास देतात. आशाताई औषधाच्या पट्टीवरची मुदत वाचते. यांतल्या कितीतरी जणी पंचेचाळिशीपुढच्या आहेत. योजना राबवणाऱ्यांनाच योजनेची अक्षरं दिसत नाहीत, हे कोणत्याही आढावा बैठकीत कधी आलं आहे का?

आता मोठ्या आकड्यांकडे येतो.

‘लॅन्सेट’च्या जागतिक नेत्र-आरोग्य आयोगाचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. उपचार न झालेला दृष्टिदोष घेऊन जगणारी माणसं जगात ११० कोटी, त्यांतली निम्म्याच्या आसपास फक्त जवळच्या चष्म्यावाचून अडलेली. दृष्टिदोषामुळे बुडणारं उत्पादन वर्षाला सुमारे ४१,१०० कोटी डॉलर, तेही देशोदेशीच्या स्वस्ताई-महागाईचा मेळ घालून. भारतापुरता हिशोब २०२२ मध्ये भारतीय नेत्रतज्ज्ञांच्या नियतकालिकात आला : २०२० साली अंधत्वामुळे देशाचं बुडालेलं उत्पन्न ८४,५०० कोटी रुपये, म्हणजे दर अंध व्यक्तीमागे वर्षाला १,७०,६२४ रुपये. असाच हिशोब आपल्याकडे १९९८ मध्येही मांडला गेला होता. त्यात १९९७ सालचं नुकसान होतं १५,९०० कोटी रुपये, आणि देशातल्या मोतीबिंदूने अंध झालेल्या सगळ्यांच्या उपचाराचा खर्च होता ५३० कोटी. एका वर्षाच्या नुकसानीच्या तिसाव्या हिश्शात मोतीबिंदूचं सगळं अंधत्व निवारता आलं असतं.

हेच माप आपल्याकडे लावून बघू. २०११च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून ७९ लाख लोक होते. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के निघालं. त्या प्रमाणात खान्देशात साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास अंध व्यक्ती होतात आणि वरच्या दराने वर्षाचं नुकसान सुमारे ४८५ कोटी रुपये. भाषणात सांगायला छान आकडा आहे. मुंबईत वित्त विभागासमोर निधी मागायला जाल तेव्हा तो अवश्य मांडा, तिथे अशीच भाषा चालते.

पण जिल्ह्यात परत आल्यावर तो आकडा बाजूला ठेवा. का, ते नीट सांगतो, कारण माझ्या पत्राचा खरा मुद्दा इथेच आहे.

हा हिशोब सरासरी उत्पन्नावर उभा आहे. माणूस जितका कमावतो तितकं त्याच्या डोळ्याचं मोल. नंदुरबारचं दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच खाली आहे. म्हणजे हाच हिशोब तालुक्या-तालुक्याने प्रामाणिकपणे केला, तर नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या अंध माणसाचं ‘नुकसान’ रावेरच्या केळीबागायतदाराच्या नुकसानीपुढे किरकोळ दिसेल. जिथे नजर जास्त जाते तिथेच ती कागदावर स्वस्त ठरेल. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या निरक्षरांमध्ये अंधत्व ३.२३ टक्के होतं आणि दहावी किंवा पुढे शिकलेल्यांमध्ये ०.४३ टक्के. रुपयांवरून प्राधान्य ठरवलं तर पैसा दुसऱ्या गटाकडे जाईल, आणि सगळं शास्त्रशुद्ध दिसेल.

दुसरी गोष्ट, या हिशोबात बाईचं घरातलं काम जवळजवळ शून्य धरलं जातं. आपल्या भागात हे शून्य किती महागात पडतं ते बघा. दिवाळी झाली की नवापूर, साक्री, तळोद्याकडून हजारो जोडपी उचल घेऊन गुजरातच्या आणि इतर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. मुलं मागे राहतात ती आजीच्या भरवशावर. आजी भाकरी थापते, लहानग्याला विहिरीपासून लांब ठेवते, मोठ्याला शाळेत पाठवते. जनगणनेच्या फॉर्मात ती ‘काम न करणारी’. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला की चूल पेटवताना पदर पेटेल म्हणून सून घाबरते, आणि पुढच्या हंगामात नातवंडंही ट्रकमध्ये बसून फडावर जातात. शाळा सुटली. तिच्या एका शस्त्रक्रियेच्या अभावी दोन-तीन मुलांचं शिक्षण गेलं, आणि तुमच्या-माझ्या हिशोबात आजीचं नुकसान मात्र शून्य. किंवा उलटं होतं : बारा वर्षांची नात शाळा सोडून आजीची काठी होते. तिचा अभ्यास बुडाला याची नोंद शिक्षण विभागात ‘गळती’ म्हणून पडते. नेत्रविभागाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं : निधी किती मागायचा हे ठरवायला रुपयांचा आकडा वापरा. निधी कोणाला आधी द्यायचा, हे ठरवायला त्याला हात लावू नका. तिथे साधं माप धरा, कोणत्या तालुक्यात किती माणसं दिसत नसताना घरी बसली आहेत. ते माप आज आपल्याकडे नाही, पण ते काढायची सोपी रीत आहे. पन्नाशीपुढच्या काही हजार लोकांची घरोघर तपासणी करून जिल्ह्याचं चित्र उभं करणारी झटपट सर्वेक्षणाची पद्धत जगभर वापरली जाते, आपलं राष्ट्रीय सर्वेक्षणही त्याच धर्तीवर झालं. धुळ्यात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून, नंदुरबारला २०२० पासून. तिन्हीकडे गावोगावच्या आरोग्याचा अभ्यास करणारे जनऔषध वैद्यकशास्त्र विभाग आहेत, विद्यार्थी आहेत. खर्च एखाद्या स्वागत कमानीएवढा येईल. नंदुरबार हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे, तेव्हा सुरुवात तिथून करा.

आता ‘मोफत’ शस्त्रक्रियेबद्दल. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूला पैसे लागत नाहीत, स्वयंसेवी रुग्णालयांनाही शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळतं. हे मोठं काम आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण मोफत कोणासाठी? सातपुड्यातल्या पाड्यावरून एखाद्या म्हातारीला आणायचं तर एक माणूस बरोबर लागतो. तपासणीचा दिवस, दाखल करण्याचा दिवस, पट्टी सोडण्याचा दिवस, आठवड्याने एक फेरी, महिन्याने एक फेरी. बरोबरच्या माणसाचे पाच रोज बुडाले. २०२५-२६चा रोहयोचा दर ३१२ रुपये धरला तरी १,५६० रुपये गेले. त्यात गाडीभाडं. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढे मोफत आहे, खरंच चांगली सवलत आहे, पण एसटी पाड्यावर येत नाही. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत जीपवाला सवलत देत नाही. मग घरातला हिशोब होतो आणि त्यात म्हातारीचा नंबर बैलाच्या औषधानंतर लागतो. ‘अजून पिकू द्या’ असं म्हणतात. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस भिंगं बसवायला लागल्यापासून संपले, उलट फार कडक झालेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो. पण ‘पिकू द्या’ म्हणणाऱ्याला हे वैद्यकशास्त्र सांगून उपयोग नाही, कारण त्याच्या बोलण्याचा खरा अर्थ ‘आत्ता पैसे नाहीत’ असा असतो.

त्यातही बाई मागे राहते. म्हाताऱ्याला घेऊन मुलगा येतो. म्हातारीला घेऊन यायला मुलीला सासरहून बोलवावं लागतं.

म्हणून आदिवासी उपयोजनेतून बरोबरच्या माणसाचा बुडालेला रोज आणि पाड्यापासूनचं भाडं द्या. शस्त्रक्रियेचा खर्च तर सरकार करतंच आहे, त्यावर हे हजार-दोन हजार टाकले नाहीत म्हणून टेबल रिकामं राहतं. शिबिरांचं वेळापत्रकही बघा. आपल्याकडे डोळ्यांची शिबिरं थंडीत भरतात, थंडीत ऑपरेशन चांगलं ही जुनी समजूत अजून गेलेली नाही. नेमकं तेव्हाच घरातलं कर्तं माणूस फडावर असतं. पोळा ते नवरात्र हा काळ घेऊन बघा, माणसं गावात सापडतील.

आणि कृपा करून मोजायचं माप बदला. आढावा बैठकीत विचारलं जातं, लक्ष्य किती, शस्त्रक्रिया किती, टक्के किती. किती जणांना दिसायला लागलं, असं कोणी विचारत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण उपचार न झालेला मोतीबिंदू होता, ६६.२ टक्के. पण त्याच यादीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत ७.२ टक्के होती. त्या सगळ्या शस्त्रक्रिया कोणत्या ना कोणत्या जिल्ह्याच्या लक्ष्यपूर्तीत हिरव्या रंगात दाखवल्या गेल्या असणार. २०२१च्या जागतिक आरोग्य परिषदेत सर्व देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत मोतीबिंदूच्या ‘परिणामकारक’ शस्त्रक्रियांचं प्रमाण ३० टक्के अंकांनी आणि नंबराच्या चष्म्यांचं ४० टक्के अंकांनी वाढवायचं. परिणामकारक म्हणजे नंतर माणसाला नीट दिसलं पाहिजे. जिल्ह्याला यासाठी नवं काही उभारायचं नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी तक्त्यावर ६/१२ ची ओळ (चांगल्या नजरेला बारा मीटरवरून दिसते ती सहा मीटरवरून) वाचता येते का, ही एक नोंद. तालुकावार, आणि बाई-पुरुष वेगळी. आमच्या धंद्यात दिलेला चष्मा लागला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. शिबिरातून परतलेली म्हातारी तक्रार करायला येत नाही, नशिबाला बोल लावते.

मुलांचं थोडक्यात. १९९८च्या त्या हिशोबात अंधांच्या आयुष्यभराच्या नुकसानीतला २८.७ टक्के वाटा बालपणी आलेल्या अंधत्वाचा होता, कारण उघड आहे, पुढे सगळं आयुष्य असतं. आपल्या जिल्हा रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांची, दीड-दोन किलोची बाळं आता वाचतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. अशा बाळांच्या पडद्यावर वाढणारा दोष वेळेत सापडला तर लेझरने नजर वाचते. उशीर झाला तर काही करता येत नाही. पडदा तपासणारा तज्ज्ञ ठरलेल्या वारी नंदुरबारला येईल एवढी तरतूद करा. आश्रमशाळांत तपासणी होते, नंबरही लिहून दिला जातो. चष्मा मात्र सत्र संपता संपता येतो, आणि तुटला तर दुसरा मिळत नाही. मुलाचा चष्मा तुटणारच. दर मुलामागे वर्षाला दोन चष्मे धरा, त्यात उधळपट्टी काही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यावरचा जीएसटीही ५ टक्क्यांवर आला आहे.

शेतातल्या जखमेबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. उसाचं पातं किंवा कपाशीची काटकी बुबुळाला लागते, माणूस मेडिकलवरून थेंब आणतो, त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. लाली आणि दुखणं कमी होतं, आत बुरशी वाढत राहते आणि डोळ्यात कायमचं फूल पडतं. औषध दुकानांवर चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब न विकण्याची सक्ती करायला तर एक रुपयाही लागत नाही.

ज्यांची नजर परत येणार नाही त्यांच्याबद्दल बोलताना मात्र जपून बोलायला हवं. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, साखरेने खराब झालेला पडदा पूर्ववत होत नाही. अशा माणसांना ‘देशाचं नुकसान’ म्हणणं मला आवडत नाही. जागतिक हिशोब करणाऱ्यांनी धरलं आहे की दृष्टिदोष असलेल्यांमध्ये रोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा ३०.२ टक्क्यांनी कमी असतं. हे सगळं डोळ्यांनी घडवलेलं नाही. काम न देणाऱ्या मालकाने, पांढऱ्या काठीने चालता न येणाऱ्या फुटपाथने, अंधाला वाचता न येणाऱ्या अर्जाने त्यात बराच वाटा उचलला आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण दिलं, त्यात १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. हे पैसे वर्षाच्या शेवटी सरसकट वाटून टाकले जातात, प्रत्येकाच्या हातात काहीशे रुपये पडतात आणि खर्च झाला असं लिहिलं जातं. त्याऐवजी बोलणारे मोबाईल, काठीने चालण्याचं प्रशिक्षण, ब्रेलची पुस्तकं, दुकानासाठी जागा, असं काही झालं तर हिशोबातला तो ३०.२ थोडा तरी खाली येईल. तुमच्या अखत्यारीत थेट नसेल, पण समितीत जिल्हा परिषदेचे आणि पालिकेचे सदस्य बसतात.

तर मागणी अशी आहे. जवळच्या चष्म्यांची तरतूद आरोग्याच्या शीर्षाखाली घालू नका, तिथे ती औषधांच्या थकबाकीत विरून जाईल. ती रोजगाराच्या, महिला बचत गटांच्या किंवा नावीन्यपूर्ण योजनेच्या शीर्षाखाली घ्या. पहिल्या वर्षी नंदुरबार आणि शिंदखेडा तालुक्यातल्या पथाऱ्या, जळगावातल्या डाळ मिल, आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या आशा व अंगणवाडी सेविका, एवढंच घ्या. तपासणी कामाच्या जागी किंवा आठवडे बाजारात करा. आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला हे एका दिवसाच्या प्रशिक्षणात येतं. चष्मा लावूनही ज्याला दिसत नाही त्याला तिथल्या तिथे पुढची तारीख द्या, म्हणजे मोतीबिंदू-काचबिंदूची माणसंही याच जाळीत सापडतील. आधी आणि नंतर प्रत्येकीची दोन आठवड्यांची कमाई लिहून ठेवा. वर्षभराने आसाम आणि बांगलादेश बाजूला ठेवून आपलेच आकडे बोलतील, आणि ते माझ्या अंदाजापेक्षा कमी निघाले तर योजना बंद करा.

आणखी एक, धंद्यातला माणूस म्हणून. मार्च संपत आला आणि निधी शिल्लक राहिला की जी घाईची खरेदी होते, त्यात चष्मे घेऊ नका. घाईत निविदा निघते, एकाच नंबरचे दहा हजार नग येतात आणि तालुक्याच्या गोदामात पडून राहतात. चाळशी एक ते तीन नंबरपर्यंत लागते, अर्ध्या-अर्ध्याच्या फरकाने. दीड, दोन आणि अडीच जास्त खपतात, एक आणि तीन कमी. फ्रेम प्लॅस्टिकची चालेल, पण बिजागरी स्क्रूची हवी, नुसती दाबून बसवलेली नको, मिरचीच्या धुळीत ती महिनाभरात सुटते. बायांना गळ्यात अडकवायला दोरी द्या, कपाळावर पदर असतो, चष्मा डोक्यावर सरकवून ठेवता येत नाही. निविदेच्या अटी लिहिताना एवढं घ्या. नमुने पाहायचे असतील तर मी आणून दाखवतो, त्याचे पैसे नकोत.

आपला,
दोंडाईच्यातला एक चष्मेवाला